जुन्या कॅबर्ने झाकून चाखल्या, आणि नंबर रात्रभर बदलत राहिले

बूचबहाद्दर

बरेच दिवस डोक्यात होतं की जुन्या कॅबर्ने (म्हणजे मुख्यतः कॅबर्ने सोव्हिन्यॉ द्राक्षाच्या रेड वाईन) एकदा ओळीने लावायच्या, लेबलं झाकायची आणि एकमेकींशी ताडून बघायच्या. सुटी एखादी प्यायली की प्रत्येक जुनी वाईन छानच वाटते, म्हणजे इतकी वर्षं जपलेली बाटली उघडतोय म्हटल्यावर ती छान वाटायलाच हवी असं मनाने आधीच ठरवलेलं असतं. शेजारी दुसरी असली की मग खरं कळतं. तर ते एकदाचं जमलं. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

बाटल्या पाच. कॅलिफोर्नियाच्या दोन, रिज मॉन्ते बेल्लो १९९१ आणि डन हॉवेल माउंटन १९९१. ऑस्ट्रेलियातल्या कूनावाराची विन्स जॉन रिडक १९९१. फ्रान्सच्या बोर्दोतल्या दोन, मूतों रोथशील्ड १९८६ नि लेओविल लास काझ १९९६. कोणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगतो, बोर्दोची १९९१ का नाही, तर त्या वर्षी एप्रिलमध्ये तिकडे रात्रीत असा गारठा पडला की कोवळे कोंब जळून गेले आणि पीक पार घटलं, आणि नेमकं त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या नापात लांबलचक थंडसर मोसम मिळाला, द्राक्षं उशिरापर्यंत वेलीवर राहिली. त्यामुळे 'साल एकच ठेवा म्हणजे तुलना न्याय्य' हा हट्ट मी केव्हाच सोडलाय. १९९८ ला उलटं, नापात थंडी-पाऊस आणि बोर्दोत मर्लो द्राक्षवाल्यांची चंगळ.

तयारी नेहमीचीच. बाटल्या आदल्या दिवसापासून उभ्या, म्हणजे गाळ तळाला बसतो. तीस वर्षांच्या बुचात साधा स्क्रू घातला की भुगा होतो, म्हणून दोन पात्यांचा ओपनर. मग डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतून, गाळ मागे ठेवून, बाटल्या धुऊन वाईन परत त्यांच्यातच. त्यावर कागदी पिशव्या आणि क ख ग घ च. पाचही बाटल्या खांदेवाल्या बोर्दो छापाच्या असल्याने आकारावरून काही कळत नव्हतं. आणि एक गोष्ट जरा वेगळी केली, प्रत्येकीतली थोडी वाईन एका छोट्या बाटलीत काठोकाठ भरून लगेच बूच मारून बाजूला ठेवली. ते का, ते पुढे येईल.

पहिला राउंड. 'ख' ओतल्या ओतल्या सगळ्यांच्या पुढे. ब्लॅककरंट, पुदिना, तोंडात मऊ, काही शोधावंच लागत नाही, ती स्वतःहून सांगत येते. 'क' दुसरी, देवदाराचं लाकूड, सुकं तंबाखूचं पान आणि मागे कुठेतरी शेपूसारखा बारीकसा हिरवा वास. 'ग' म्हणजे पेन्सिल तासल्यावर येतो तो वास, सरळ, नीटनेटकी, पण हात राखून. 'च' काळी, शाईसारखी, लोखंडी चव, हिरड्या आवळून धरणारी. आणि 'घ'. रंग दाट, कडेला नुकता विटकरी, नाकाला जवळजवळ काहीच नाही, घोट घेतला की नुसता तुरटपणा. एकजण सोडता सगळ्यांनी 'घ' शेवटी टाकली, ही बाटली बहुतेक गेलेली आहे असंही कोणीतरी म्हणालं.

मग आम्ही बसून राहिलो. तासाभराने परत नंबर लावले, मग अजून तासाभराने, असं उशिरापर्यंत. 'ख' जिथे होती तिथेच राहिली, वाईट झाली नाही पण पुढचं काही बोललीही नाही, आणि बाकीच्या बोलायला लागल्यावर ती हळूहळू चौथ्यावर गेली. 'क' पूर्ण वेळ दुसरी. 'च' मधलं लोखंड तसंच राहिलं पण त्याखालून सुकी फुलं आणि ओल्या मातीचा वास वर आला. 'ग' जशीच्या तशी, मला वाटतं ती अजून झोपेतच आहे. आणि 'घ', जिला पहिल्या तासात कोणी विचारत नव्हतं, ती शेवटी बहुतेकांची पहिली. सिगारचा डबा, कॅसिस (ब्लॅककरंटच), शिसपेन्सिल, कातडं, आणि फिनिश इतका लांब की मधे बोलणं व्हायचं तरी चव चालूच.

पिशव्या काढल्यावर: ख म्हणजे जॉन रिडक, क मॉन्ते बेल्लो, ग लास काझ, च डन, आणि घ मूतों १९८६.

माझं म्हणणं एवढंच की जुन्या भारी कॅबर्नेला पहिल्या घोटावर नंबर द्यायचा नसतो. पहिल्या घोटावर जी जिंकते ती 'आत्ता तयार' असते, मोठी असेलच असं नाही. मारा आता.

मृद्गंध

वाह! वाचनखूण साठवली. ती छोट्या बाटलीची भानगड काय ते सांगितलंच नाही की.

शंकासुर

लेख झकास, पण निष्कर्ष पटत नाही. बदललं कोण, वाईन की तुम्ही? तीन तास तुरट वाईनवर वाईन चाखत बसलात तर जीभ बोथट होणारच, मग जी सगळ्यात तुरट ती शेवटी 'मऊ' वाटणार यात नवल काय. शिवाय पिशवीवर अक्षर तेच, पहिल्या राउंडला 'घ' बिचारी शेवटी आली म्हटल्यावर दुसऱ्या राउंडला लोक तिच्यात काहीतरी शोधायला लागतात, माणसाचा स्वभावच आहे. आणि तापमान? बाटल्या तळघरातल्या थंडीतून आल्या असतील, खोलीत गरम झाल्या असतील. थंड रेड नेहमीच जास्त तुरट लागते.

ह.घ्या., पण तीन तीन गोष्टी एकदम बदलताहेत आणि श्रेय सगळं हवेला, असं कसं चालेल.

बूचबहाद्दर

शंकासुर, तुमची वाटच बघत होतो. घोट थुंकत होतो सगळेजण, शेवटचा ग्लास सोडून. छोट्या बाटल्या नेमक्या यासाठीच होत्या. त्या त्याच खोलीत, तेवढाच वेळ, म्हणजे तापमान सारखं, फरक फक्त हवेचा. काठोकाठ भरून बूच मारलं की आत हवा जवळजवळ नसते. शेवटच्या राउंडला प्रत्येकीचं 'बंद' रूप आणि 'उघडं' रूप शेजारी शेजारी ओतलं, कुठला ग्लास कुठला ते ओतणाऱ्यालाच माहीत.

जॉन रिडकमध्ये फरक कोणाला धड ओळखता आला नाही. मॉन्ते बेल्लोत थोडा. मूतोंमध्ये मात्र वास घेतल्या घेतल्या सगळ्यांनी बरोबर ओळखलं. पण, आणि हे तुमच्या बाजूचं आहे, तुरटपणा दोन्ही ग्लासांत जवळजवळ सारखाच होता. म्हणजे मऊ झाल्याचं जे वाटलं त्यात जिभेचा आणि तापमानाचा हात होता, वासाचं मात्र खरं होतं.

अक्षरांचं म्हणाल तर मान्य, पुढच्या वेळी दर राउंडला पिशव्या बदलायच्या.

रसायनतै

बूचदादा, तुमचा छोट्या बाटलीचा निकाल अगदी जसा यायला हवा तसाच आलाय.

कॅबर्नेचे मणी बारीक, साल जाड, गराच्या मानाने बियांचं प्रमाण मोठं, म्हणून टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, मुळातच रग्गड. ताज्या वाईनचा जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा. ती सुरुवातीला सुटी असतात, वर्षं जातात तशी टॅनिनला जोडली जातात आणि त्यातून विटकरी छटेचे, जास्त टिकाऊ रंग तयार होतात. काही साखळ्या इतक्या मोठ्या होतात की विरघळून राहणं जमत नाही, खाली बसतात, तोच तुमचा गाळ. 'साखळ्या लांब झाल्या म्हणून तुरटपणा गेला' असं सरसकट सांगतात ते अर्धंच आहे, कारण आम्लात या साखळ्या तुटतातही आणि परत वेगळ्या तऱ्हेने जोडल्याही जातात. हा सगळा वर्षानुवर्षांचा उद्योग. तीन-चार तासांच्या हवेने टॅनिनची रचना फारशी हलत नाही. तुरटपणा म्हणजे टॅनिनने लाळेतली प्रथिनं धरणं, त्यामुळे तोंडाची सवय आणि तापमान दोन्ही मोजावंच लागतं. शंकासुरांना अर्धे मार्क.

हवेने पटकन बदलतो तो वास. बंद बाटलीत वर्षानुवर्षं ऑक्सिजन जवळपास नसतो, मग गंधकाचे काही बारीक संयुगं साठतात, आगपेटी, रबर, साचलेलं पाणी असा वास येतो किंवा नुसतंच नाक बंद वाटतं. ती उडून गेली की खालचं दिसायला लागतं. १९८६ ला मेदोकमध्ये (बोर्दोतला मूतों, लास काझचा भाग) टॅनिन बक्कळ होतं आणि त्या सालच्या वाईन वर्षानुवर्षं बंद म्हणूनच ओळखल्या जातात, तेव्हा मूतोंने वेळ मागितला यात आश्चर्य नाही.

अजून एक, लोक सर्रास म्हणतात की वय झाल्यावर आंबटपणा कमी होतो. होत नाही, आम्ल बाटलीत जवळपास तेवढंच राहतं. फळ उतरतं, म्हणून आम्ल उलट वर आल्यासारखं वाटतं. म्हातारी वाईन 'आंबट झाली' म्हणतात ती बहुतेक वेळा आंबट झालेली नसते, तिच्यावरचं पांघरूण गेलेलं असतं.

नवशिका

माझा एक बावळट प्रश्न. पहिल्या तासाला 'घ' कोणीतरी गेलेली म्हणालं, आणि ती जिंकली. मग खरंच गेलेली आणि नुसती बंद असलेली यातला फरक पहिल्या घोटाला ओळखायचा कसा? मी असतो तर ओतूनच टाकली असती.

तळघरकर

नवशिका, प्रश्न बावळट नाही, या सगळ्या खेळातला तोच खरा प्रश्न आहे.

आधी नाक. ओला पुठ्ठा, बुरसटलेलं तळघर असा वास असेल तर ते बुचातलं टीसीए, वाईन नासवणारं एक रसायन. एका लिटरमध्ये काही नॅनोग्राम असलं तरी पुरतं. त्याची खूण अशी की हवेत ठेवलं की ते वाढत जातं, कमी होत नाही. बंद वाईनचा घाण वास उलट, ग्लास हलवत राहिलं की विरत जातो. म्हणून ओतून टाकायच्या आधी अर्धा तास द्यायचा, दोघी आपापल्या दिशेने जातात. टीसीए अगदी थोडं असेल तर पुठ्ठा येतही नाही, फक्त फळ मेलेलं वाटतं आणि फिनिश तुटक, तो प्रकार सगळ्यात बदमाश, कारण दोष बुचाचा आणि नाव वाईनचं खराब होतं.

हवा लागून गेलेली असेल तर रंग आधी सांगतो. कड विटकरी असणं ठीक, पण ग्लासच्या मधोमध बघायचं, मधला भागही तपकिरी आणि निस्तेज झाला असेल तर संशय घ्या. वासाला भाजलेला अक्रोड, सोललेलं सफरचंद तसंच राहून गेल्यासारखं. ही हवेने सुधारत नाही, तासाभरात संपते.

घोड्याचा तबेला, औषधी पट्टी असा वास म्हणजे ब्रेट, ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट. थोडंसं असलं तर जुन्या बोर्दोचे शौकीन त्यालाच 'व्यक्तिमत्त्व' म्हणतात. जास्त झालं की सगळ्या वाईन्स एकसारख्या वास मारतात, मला बिलकुल चालत नाही, पण यावर भांडणं होतात, करा.

आणि उघडायच्या आधीच बाटली बरंच सांगते. वाईनची पातळी मानेत असेल तर उत्तम, खांद्याच्या वरच्या बाजूला असेल तर तीस वर्षांना ठीक, खांद्याच्या मध्याखाली गेली असेल तर बुचाने हवा आत घेतलीये. बूच वर सरकलेलं किंवा कडेने वाईन पाझरून वाळलेली असेल तर कधीतरी उष्णता लागलीये. बूचबहाद्दर, तुमच्या पातळ्या काय होत्या ते लिहिलं नाही. एकाच पेटीतल्या दोन बाटल्या तीस वर्षांनी दोन वेगळ्या वाईन असतात, कारण प्रत्येक बूच वेगळ्या गतीने हवा सोडतं. तुमच्या जॉन रिडकचं बूच सैल असेल तर ती बिचारी वयाने पुढे गेली असेल, आणि तुम्ही त्यावरून कूनावारावर शिक्का मारताय.

बूचबहाद्दर

तळघरकर, मूतों सोडून चारही मानेत. मूतों खांद्याच्या वरच्या कडेला. जॉन रिडकचं बूच उलट सगळ्यात घट्ट आलं. पण मुद्दा कबूल, एका बाटलीवरून सालाबद्दल किंवा गावाबद्दल बोलायचं नाही, ती रात्र त्या बाटलीचीच.

पुदिनावाला

कूनावारावर शिक्का मारू नका हो, आमचं प्रेम आहे. चुनखडीवर लाल मातीचा चिंचोळा पट्टा, आणि तिथली कॅबर्ने तरुणपणीच बोलकी असते, म्हणून ती वाईट ठरत नाही.

बाकी पुदिन्याबद्दल. नापातल्या हाइट्झच्या मार्थाज व्हिनयार्डमध्ये तो वास येतो म्हणून ती प्रसिद्ध आहे, आणि मळ्याच्या कडेला निलगिरीची झाडं आहेत. निलगिरीतलं सिनिओल द्राक्षांच्या सालीवर येऊन बसतं, रेड वाईन सालीसकट आंबते म्हणून ते वाईनमध्ये उतरतं. ऑस्ट्रेलियात तर निलगिरी सगळीकडेच. म्हणजे झाकून चाखताना पुदिना आला की 'ऑस्ट्रेलिया' म्हणून उडी मारायची नाही, नापाही असू शकते.

आणि 'क' मधला शेपूसारखा वास म्हणालात ना, तिथेच मी मॉन्ते बेल्लो म्हणालो असतो. रिजवाले अमेरिकन ओक वापरतात, बहुतेक नामांकित कॅबर्नेवाले फ्रेंच ओककडे गेले तरी हे राहिले. शेपू, नारळ हे त्या लाकडाचं देणं. आता तीस वर्षांनी ते वाईनमध्ये मुरून गेलेलं असतं म्हणून बारीक वाटलं, तरुण असताना सरळ कळतं.

रसायनतै

पुदिनावाले, एक भर. ढोबळी मिरचीचा हिरवा वास आला तर तो ना निलगिरीचा ना ओकचा, तो कॅबर्नेच्या घराण्याचाच, पायराझिन. कॅबर्ने सोव्हिन्यॉ ही कॅबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्यॉ ब्लाँची पोर आहे हे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात डीएनएवरून १९९० च्या दशकात सिद्ध झालं, आणि दोन्ही आईबापांत ती मिरची आहे. द्राक्षं पिकताना उन्हाने ती कमी होते, पण एकदा बाटलीत आली की वर्षांनी फारशी जात नाही. थंड सालाच्या वाईनमध्ये वीस वर्षांनी फळ उतरल्यावर मिरची उलट जास्त जाणवते. मला ती थोडी असली तर आवडते, पूर्ण नाहीशी झालेली कॅबर्ने मला जरा ओळख विसरलेली वाटते.

शंकासुर

बरं, मूळ मुद्द्यावर येऊ. 'पहिल्या घोटावर नंबर नको' म्हणता, मग १९७६ चं काय? अख्खं जग त्या एका चाखण्यावर अजून बोलतंय. २४ मे १९७६, पॅरिस, स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाईन व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांना झाकून पाजलं आणि स्टॅग्स लीप वाईन सेलर्सची १९७३ पहिली, मूतों १९७० दुसरी. फ्रेंच म्हणाले आमच्या अजून पोरवयातल्या आहेत, थांबा, म्हणजे तुमचंच म्हणणं. मग काय झालं?

तळघरकर

थांबले की. आणि त्याचाच मजेशीर भाग आहे. २००६ मध्ये, बरोब्बर तीस वर्षांनी, त्याच वाईन्स लंडन आणि नापात परत झाकून चाखल्या. पहिली आली रिज मॉन्ते बेल्लो १९७१, जी १९७६ मध्ये पाचवी होती. स्टॅग्स लीप दुसरी. हाइट्झ मार्थाज १९७० आणि मायाकामास १९७१ तिसऱ्या जागेवर बरोबरीत, दोघीही १९७६ ला खालच्या निम्म्यात होत्या. पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या, मूतों सहावी. म्हणजे फ्रेंच म्हणाले थांबा, थांबल्यावर त्यांचीच जास्त पंचाईत झाली.

पण त्यातून बूचबहाद्दरांचा मुद्दाच पक्का होतो. पाचवी पहिली झाली, एका रात्रीऐवजी तीस वर्षांत. आणि अजून एक गंमत, १९७६ ला पहिल्या चौघींमध्ये २० पैकी एका गुणाचाही फरक नव्हता सरासरीत. एका परीक्षकाला त्या दिवशी सर्दी असती तर इतिहास वेगळा झाला असता. एवढ्याशा फरकावर पहिली-दुसरी म्हणणं म्हणजे नाणं उडवून काढलेला निकाल फ्रेममध्ये लावणं.

अवांतर: १९७३ हे मूतोंसाठी वेगळ्याच कारणाने मोठं साल, बोर्दोच्या वाईन्सच्या १८५५ च्या वर्गवारीत दुसऱ्या पायरीवर असलेली ती त्या वर्षी पहिल्या पायरीवर घेतली गेली. त्या सालच्या लेबलवर पिकासो आहे. वाईन मात्र बेताची, लेबलासाठी जपणारेच जास्त.

शंकासुर

नाण्याचं पटलं. म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीवर आहोत, फक्त मी म्हणतो नंबरच लावू नका आणि बूचबहाद्दर म्हणतात उशिरा लावा.

हळूहवा

डिकँटवाल्यांनो, मला एक बोलायचंय. तीस वर्षांच्या वाईनला दोनदा ओतून झोडपणं मला बघवत नाही. फ्रान्सवा ओदूझ नावाचे जुन्या वाईनचे मोठे संग्राहक आहेत, त्यांची पद्धत म्हणजे बाटली चार-पाच तास आधी उघडायची, हात लावायचा नाही, उभी ठेवायची, हवा फक्त मानेतून जेवढी जाईल तेवढी. घाण वास हळूच निघून जातो आणि नाजूक फळ वाचतं. तुमची जॉन रिडक शेवटी 'काही बोलली नाही' म्हणता, ती कदाचित डिकँटमध्येच बोलून मोकळी झाली असेल.

बूचबहाद्दर

तोच तर वाद. मानेतून जाणारी हवा इतकी थोडी असते की मूतोंसारखीला तिने रात्र पुरली नसती असं मला वाटतं. पण चाळीस-पन्नास वर्षांची, फिकट झालेली असेल तर तुमचंच बरोबर, मीही डिकँट करत नाही, फक्त गाळ वर येणार नाही इतकं हळू ओततो, तेही मानेमागे दिवा धरून. खरं म्हणजे बाटली उघडून एक घोट घ्यायचा आणि त्यावर ठरवायचं. बंद आणि ताकदवान असेल तर ओता डिकँटरमध्ये, नाजूक असेल तर तिला सोडा. सगळ्यांना एकच नियम लावला की एकीवर अन्याय होणारच, आणि या चाखण्यात तो जॉन रिडकवर झाला असणं शक्य आहे.

पंधराटक्के

सगळेजण १९९१, १९८६ करताय, आमच्या पिढीच्या बाटल्यांचं काय? सत्तरच्या दशकातल्या नापाच्या कॅबर्ने १२.५-१३ टक्के अल्कोहोलच्या आसपास होत्या, आता १४.५-१५ सर्रास. त्या तीस वर्षं जातील का? माझ्या मते जातील, टॅनिन बघा की केवढं आहे.

तळघरकर

टॅनिनने वाईन टिकते, चांगली होते असं नाही. उशिरा तोडलेल्या, जास्त पिकलेल्या द्राक्षांत आम्ल कमी, साखर जास्त, आणि फळ तोडणीच्या वेळीच मनुक्याकडे झुकलेलं. ती वीस वर्षांनी म्हातारी होते पण शहाणी होत नाही. डनचं बघा, हॉवेल माउंटनवर धुक्याच्या वर, टॅनिन खडकासारखं, पण अल्कोहोल मुद्दाम आवरलेलं, म्हणून १९९१ अजून अशी उभी आहे. माझी पैज आवरलेल्यांवर. अर्थात नापात १३ टक्क्यांचे दिवस परत येणार नाहीत, उन्हाळेच तसे राहिले नाहीत.

पंधराटक्के

पैज लागली. २००७ च्या नापाच्या आहेत माझ्याकडे, २०३७ ला धागा वर काढतो.

मृद्गंध

लास काझबद्दल कोणीच बोललं नाही? १९९६ म्हणजे मेदोकला कॅबर्नेचं खास साल, शातो लातूर या बोर्दोतल्याच नामांकित मळ्याला लागून, आणि तुमच्याकडे रात्रभर 'जशीच्या तशी'. मला तर तीच सगळ्यात जास्त चाखावीशी वाटतेय. न बदलणं हे झोप असेल की तीच तिची पूर्ण उंची, ते कसं कळणार?

बूचबहाद्दर

दुसऱ्या दिवशी कळलं थोडंसं. तळाशी उरलेली बूच लावून थंड जागी ठेवली होती. मूतोंची उरलेली दुसऱ्या दिवशी सपाट झाली होती, जॉन रिडकची गेलेली. लास काझ मात्र दुसऱ्या दिवशी पहिल्या रात्रीपेक्षा चांगली, कॅसिस आता कुठे उघडतंय असं. म्हणजे झोपच. पुढच्या वेळी सगळ्याच १९९६ घ्यायच्या ठरतंय, मेदोकमधल्या पोयाक आणि सँ-ज्युलियां या गावांच्या, आणि जमलं तर एक मॅग्नम, कारण मॅग्नममध्ये वाईन दुप्पट आणि बूच जवळपास तेवढंच, ती सावकाश म्हातारी होते. लास काझ सकाळीच डिकँट करणार, बाकीच्या संध्याकाळी.

शंकासुर

एकीला सकाळ आणि बाकीच्यांना संध्याकाळ? मग झाकण्याचा अर्थ काय राहिला, आदल्या रात्रीच्या निकालाने तुमचं मत बनलंय. सगळ्यांच्या दोन-दोन बाटल्या घ्या, एक सकाळी, एक संध्याकाळी, आणि पिशव्या बाहेरच्याने बांधायच्या.

बूचबहाद्दर

दोन-दोन बाटल्या कुठून आणू, त्या तुम्ही आणा. पिशव्याही तुम्हीच बांधा, म्हणजे निकालावर बोट ठेवायला जागा राहणार नाही.

शंकासुर

बांधतो. पण मग मला आधीच माहीत असणार कुठली कुठली, मी चाखू काय?

रसायनतै

तुम्ही थुंकायची भांडी रिकामी करा.